उलट्या पिरॅमिडचा पेंटर

आमच्या नाटक कंपनीत त्याला सगळे 'शेवटची रांग' म्हणायचे. पडदे रंगवणारा माणूस, पण स्वतःचा पडदा कधी जवळून बघायचा नाही. रंग वाळला की थिएटरच्या अगदी शेवटच्या रांगेत जाऊन बसायचा, डोळे बारीक करायचा, आणि तिथे जो कोणी सापडेल त्याला, मग तो झाडूवाला असो, चहावाला असो, शेजारी बसवून विचारायचा, "काय दिसतंय?"

एकदा राजवाड्यामागचं घनदाट अरण्य रंगवलं होतं. झाडूवाला बराच वेळ बघून म्हणाला, "कोबीचं शेत." आम्ही पोट धरून हसलो. त्याने निमूटपणे बादली उचलली आणि अख्खं अरण्य धुऊन काढलं. तीन दिवसांचं काम पाण्यात. मालक ओरडले, "अरे, त्या झाडूवाल्याला काय कळतंय?"

"त्याला कळत नाही म्हणूनच त्याला विचारलं, मालक. तुम्हाला तर मी आधीच सांगून ठेवलंय की अरण्य आहे."

पडदा चुकला तर रंगवणाऱ्याने धुवायचा आणि पुन्हा रंगवायचा, त्याला कुणाची परवानगी लागत नाही, हा आमच्यातला रिवाज होता. हे आताच सांगून ठेवते, कारण पुढे त्याचा घात याच रिवाजाने केला. याने, आणि मी.

कंपनी बंद पडली तेव्हा आम्ही सगळे वाऱ्यावर पडलो. प्रकाशयोजना करणारा लग्नाच्या हॉलांत दिवे लावायला लागला, आमचा खलनायक विमा विकू लागला आणि म्हणे फार चांगला विकायचा. पेंटरला आहार विभागात हंगामी चित्रकाराची जागा मिळाली. काम एकच. लोकांनी काय खावं, किती खावं, याचे तक्ते रंगवायचे. ते शाळांत, दवाखान्यांत, कारखान्यांच्या कॅन्टीनमध्ये लागायचे. सहा महिन्यांत त्याने मलाही तिथे ओढलं. साहेबांना पटवलं की नुसता तक्ता टांगून कुणी बघत नाही, शेजारी एखादं नाटुकलं पाहिजे. अशी मी, एकोणीस वर्षं राण्या केलेली बाई, दूध झाले. पांढरा पायघोळ झगा घालून शाळाशाळांत 'मी तुमच्या हाडांची मैत्रीण' म्हणत फिरायचे. पहिल्याच शाळेत एका पोराने विचारलं, "दूध एवढं म्हातारं असतं का?"

पेंटर मागच्या बाकावरून म्हणाला, "म्हातारं चालतं रे. नासलेलं नसलं म्हणजे झालं."

त्या दिवसांत तो खूश होता. विभागाच्या तळघरात जुन्या तक्त्यांची भेंडोळी पडलेली होती. एका दुपारी त्याने ती सगळी फरशीवर पसरली, चार कोपऱ्यांवर रंगाचे डबे ठेवले, आणि मला एखादं महानाट्य सांगावं तसा त्यांचा इतिहास सांगितला. सगळ्यांत जुना तक्ता टंचाईच्या वर्षांतला. एक अंडं, पळीभर कडधान्य, सालासकट बटाटा. "याचा हेतू बघा ताई. माणूस मरू नये, एवढाच." त्यानंतरचं चक्र, सात पाकळ्यांचं, सगळ्या पाकळ्या सारख्या. टंचाई संपली होती, आता माणूस धडधाकट करायचा होता. थोडं थोडं सगळंच खा. मग चार खणांचा चौकोन, त्यातला दुधाचा खण इतरांपेक्षा बराच मोठा.

"हा का मोठा?" मी विचारलं. आमच्याच जातीचा मोठेपणा, कुतूहल असणारच.

"त्या वर्षी दुग्ध खात्याचे साहेब आपल्या साहेबांचे व्याही झाले. हेडक्लार्कने सांगितलं." तो हसला आणि उकिडवा बसून सगळ्यांवरून नजर फिरवत म्हणाला, "आणि आता ऐकतोय की लोक फार खायला लागलेत, पुढचा तक्ता कमी खा म्हणून सांगणार आहे. पहिल्यात खा, शेवटच्यात नका खाऊ. मधे माणूस जेवला कधी?"

तो स्वतः तरी कधी जेवत होता, देव जाणे. राहायचा बायकोच्या भावाच्या घरी, स्वयंपाकघरामागच्या एका खोलीत. मेव्हणा बरा होता, पण घर चालायचं वहिनींच्या हुकुमाने. मी दोन-तीनदा तिथे जेवले आहे. वहिनी पळी भरून भाजी काढायच्या, पेंटरच्या ताटापाशी येता येता पातेल्याच्या काठाला टेकवून अर्धी परत सांडायच्या, आणि उरलेली वाढायच्या. वर म्हणायच्या, "तुम्ही काय बाबा, चित्रातलं खाऊन आला असाल." मेव्हणा ताटात बघत राहायचा. पेंटरची बायको उठून पाणी आणायला जायची; सकाळी तर वहिनींची अंघोळ, धुणं, भांडी आटपल्याशिवाय तिला नळाला हात लावायची सोय नव्हती.

वहिनींना मी दुष्ट म्हणणार नाही. तिचं घर, तिचं पातेलं, आणि नको असलेली दोन माणसं अकरा वर्षं तिच्या गळ्यात. अकरा वर्षं कुणाच्याही मायेला तडे जातात.

पेंटर अकरा वर्षं हंगामीच होता. कायम झाला असता तर विभागाच्या वसाहतीत क्वार्टर मिळालं असतं. दोन खोल्या, आणि नळ घरात. त्याची बायको मला म्हणायची, "अक्का, मला दुसरं काही नको हो. सकाळी उठावं, आपला नळ आपण सोडावा, आणि कुणी आतून 'पुरे' म्हणू नये." कायम करायच्या लोकांची यादी त्या वर्षी निघणार होती. हेडक्लार्कने स्वतः सांगितलं होतं की पेंटरचं नाव पहिल्या पाचांत आहे. फक्त नवा तक्ता नीट पार पडू दे.

नवा तक्ता म्हणजे पिरॅमिड. मोठ्या मॅडम परदेशातलं प्रशिक्षण करून आल्या, तो आकार घेऊन आल्या. तळाशी रुंद पायरी धान्यांची, त्यावर भाज्या आणि फळं, त्यावर दूध, कडधान्यं, अंडी, मासे, आणि अगदी टोकाला, चिमटीएवढ्या जागेत, तेल आणि साखर. जे खाली ते भरपूर, जे वर ते जपून. मॅडमनी पेन्सिलीचा आराखडा दिला आणि बजावलं, "जसंच्या तसं. तुमची नाटकं नकोत."

त्याने जसंच्या तसं रंगवलं. काय रंगवलं होतं! टोकावरच्या तेलाच्या बाटलीत सोनेरी उजेड असा साठवला होता की पाहणाऱ्याला तहान लागावी. मग सवयीप्रमाणे तो तक्ता दवाखान्याच्या बाहेरच्या हॉलमध्ये टांगला, जिथे बायका पोरांना घेऊन नंबराची वाट बघत बसतात, आणि स्वतः शेवटच्या बाकावर जाऊन बसला. मी नाटुकल्याच्या झग्यातच शेजारी होते, म्हणून हे ऐकीव नाही.

शेजारच्या बाईला त्याने विचारलं, "हे चित्र काय जास्त खा म्हणतंय?"

तिने मांडीवरचं पोर सावरलं आणि उठून थेट टोकावर बोट ठेवलं. "हे. तेल, साखर."

"ते कमी खायचंय."

"मग सगळ्यांच्या वर कशाला बसवलंत?"

"खाली रुंद आहे ना, ते जास्त खायचं."

"अहो, मी सहा मजल्यांच्या ऑफिसात तळमजल्याची फरशी पुसते. आम्ही खाली बावीस जण आहोत आणि साहेब वर एकटाच. आता तुम्हीच सांगा, कोण मोठं?" आजूबाजूच्या बायका हसल्या. पलीकडची म्हणाली, "मला वाटलं गरीब असताना खालचं खायचं, चांगले दिवस आले की वरचं."

त्याने सतरा बायकांना विचारलं. चौदा जणींनी टोकावर बोट ठेवलं. सगळं त्याने एका वहीच्या पानावर लिहून काढलं, सही केली, आणि हेडक्लार्ककडे दिलं. हेडक्लार्कने वाचून फाईलला लावलं आणि म्हणाला, "पेंटर, हे वरून आलंय. तुम्ही हात रंगवायला वापरा, डोकं घरी ठेवून या."

पुढे जे झालं ते फक्त नाटकवालाच करू जाणे. त्याच्या दृष्टीने पडदा चुकला होता. त्याने तो धुतला. दोन दिवसांत नवा तक्ता रंगवला, तोच पिरॅमिड, पण उलटा. रुंद बाजू वर, धान्यं आणि भाज्या छपराला भिडलेल्या, आणि तेल-साखर खाली, जमिनीला टेकलेल्या टोकात. छापखान्यात तोच दिला. पाच हजार प्रती छापून आल्या. ज्या दिवशी त्या विभागात आल्या त्या दिवशी मला भेटला तेव्हा चेहरा असा, जसा पहिल्या प्रयोगाला हाऊसफुल्ल लागल्यावर असतो. "ताई, दवाखान्यात दाखवून आलो. सगळ्या जणींना बरोबर कळलं!"

मॅडमनी पूर्ण विभागाची बैठक बोलावली. चाळीस माणसं. पेंटरला समोर उभं केलं आणि म्हणाल्या, "धरा तो तक्ता. आता सरळ करा."

सरळ म्हणजे मॅडमच्या मते सरळ. त्याने तक्ता फिरवला. अर्थातच अक्षरं उलटी झाली, चित्रं उलटी झाली.

"डोक्यावर धरा, सगळ्यांना दिसू दे. वाचा काय लिहिलंय."

"उलटं आहे, मॅडम."

"हो ना? आम्हालाही तसंच वाटलं." चाळीस माणसं हसली. "गाजरं अशी दिसतात का हो तुमच्याकडे? मासे असे पोहतात?" कुणीतरी मागून म्हणालं, "मेलेले पोहतात, मॅडम." पुन्हा हशा. मॅडम खाली बसल्या आणि बैठकीचे इतर विषय सुरू केले. कॅन्टीनचं कंत्राट, दौऱ्यांची वाहनं, रजांचे अर्ज. त्याला हात खाली घ्यायला कुणी सांगितलं नाही. पाऊण तास तो तक्ता डोक्यावर धरून उभा होता. हात भरून आले, तक्ता हळूहळू घसरत चेहऱ्यापुढे आला, आणि उलट्या गाजरांखाली फक्त त्याची विजार आणि चपला दिसायला लागल्या.

मीही हसले. खोटं कशाला सांगू? रंगभूमीवर आयुष्य गेलं, असा क्षण आला की हसू सुटतंच. ते त्याने ऐकलं की नाही, मी कधी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी हेडक्लार्कने त्याला आणि मला बोलावलं. तो दगड नव्हता. चहा मागवला. म्हणाला, "यादी वीस तारखेला जातेय. मॅडमना पाच हजार प्रती रद्द कशा झाल्या याचं कारण वर कळवायचंय. तुम्ही एक कागद लिहून द्या, बैठकीत वाचून दाखवा. मॅडमचा मान राहील, तुमचं नाव यादीत जाईल." मजकूर त्याने तयारच ठेवला होता. 'आराखडा मला समजला नाही. माझ्या अडाणीपणामुळे चूक झाली.' आणि तिसरं वाक्य, 'दवाखान्यातील स्त्रियांना मी प्रत्यक्ष काहीही विचारलेले नाही. ती हकिगत मी बचावासाठी रचली.'

पेंटरने पहिली दोन वाक्यं मान्य केली. तिसऱ्यावर अडला. "अडाणी आहे म्हणून लिहितो. पण त्या बाईने बोट ठेवलं, ते मी पाहिलंय."

"पाहिलंय ना? मग झालं. तुमच्यापाशी ठेवा."

"नाही लिहिणार."

त्याला तयार कुणी केलं, तर त्याच्या बायकोने आणि मी. ती माझ्या खोलीवर आली, भिंतीला टेकून बसली, आणि नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "अहो, त्या सतरा बायकांपैकी एक तरी उद्या आपल्याला तिच्या घरात ठेवून घेणार आहे का?" मी म्हणाले, "पेंटर, हा कागद नाही, संवाद आहे. रंगमंचावर विष पिऊन मेलेला माणूस पडदा पडला की उठून चहा पितो ना? तुम्हीही प्या." आमची अक्कल एवढीच. उभ्या जन्मात जे बोललो ते पडद्याबरोबर संपलं. कचेरीत बोललेला शब्द पडदा पडल्यावर फाईलला लागतो, हे आम्हाला शिकवलंच नव्हतं कुणी.

मी त्याची तालीम घेतली. माझ्या खोलीत, सलग तीन दुपारी. वाईट नट होता. वाक्य एकदम फेकायचा, वीट फेकावी तसं. मी त्याला शिकवलं: पहिलं वाक्य घाईत, कारण माणसाला ते संपवायचं असतं. दुसऱ्याला अडखळायचं. तिसरं म्हणताना मॅडमकडे बघायचं नाही, खिडकीकडे बघायचं; डोळ्याला डोळा खोटारडा भिडवतो, कबुली देणारा नाही. तरी जमेना. तेव्हा मी निर्दयपणे म्हणाले, "वहिनींची पळी आठवा. काठावर सांडते ती. ती बघत बोला." त्याचा चेहरा असा पडला की मी तिथेच म्हणाले, "हेच! हेच धरून ठेवा."

बैठकीत त्याने ते धरून ठेवलं. मी दाराशी उभी होते. टायपिस्ट मुलीने डोळे पुसले. 'रचली' म्हणताना त्याचा आवाज फुटला, तो मी शिकवलेला नव्हता. मॅडम उठल्या, स्वतःच्या हाताने त्याला पाण्याचा ग्लास दिला, आणि म्हणाल्या, "मोठं मन लागतं याला." त्या क्षणी त्यांनाही ते खरंच वाटलं असणार. बाई वाईट नव्हती. हरायची सवय नव्हती, इतकंच.

यादी आली. पेंटरचं नाव नव्हतं. सोबत त्याच्या नावाचं पत्र होतं, चार ओळींचं: कर्मचाऱ्याने बनावट पाहणी सादर केल्याचे स्वतः लेखी मान्य केले असल्याने कायम करता येत नाही; हंगामी सेवाही महिनाअखेर समाप्त.

मी हेडक्लार्कच्या टेबलावर हात आपटला. "तुम्ही म्हणाला होता नाव जाईल!"

"गेलं. परत आलं." तो खाली बघत होता. "वर कुणीतरी फाईल वाचली, ताई. आमच्याकडे सहसा वाचत नाहीत."

"तो खोटं बोलला होता! मी शिकवलं होतं त्याला! वाक्यावाक्याला मी शिकवलं!"

त्याने वर पाहिलं. पहिल्यांदाच मला त्याच्या डोळ्यांत कीव दिसली, आणि ती माझ्यासाठी होती. "ताई, मी होतो तिथे. असं शिकवून येत नाही कुणाला."

आयुष्यात माझ्या कामाची एवढी मोठी स्तुती कुणी केली नाही.

महिनाअखेरीस त्याने ब्रश कागदात गुंडाळून घरी नेले. पुढे गाड्यांच्या नंबरपाट्या रंगवायचा, दुकानांवर 'उधारी बंद' लिहायचा. बायको आणि तो त्याच खोलीत राहिले, स्वयंपाकघरामागे. मॅडमचा सरळ पिरॅमिड दवाखान्यांत नऊ वर्षं लटकला, आणि नऊ वर्षं बायका टोकावर बोट ठेवत राहिल्या असतील. विचारायला शेवटच्या बाकावर कुणी नव्हतं.

मग पिरॅमिड गेला आणि ताट आलं. गोल ताट, अर्ध्यात भाज्या आणि फळं, पाव भागात धान्य, पाव भागात डाळी-अंडी-मासे. वर-खाली काही नाही, भानगडच नाही. अनावरणाला मला बोलावलं होतं, दूध म्हणून. दूध आता ताटाबाहेर, बाजूच्या ग्लासात होतं. मी विंगेत उभी असताना मॅडमनी भाषण केलं. केस पांढरे झाले होते, आवाज तोच. "पिरॅमिड आपण का सोडतोय? कारण सामान्य माणूस वरच्याला मोठं समजतो. आमच्या विभागाच्या एका जुन्या पाहणीत दवाखान्यातल्या सतरा स्त्रियांपैकी चौदा जणींनी टोकावर बोट ठेवलं होतं."

सतरा आणि चौदा. त्यांनी ते चोरलं असं म्हणणं सोपं आहे. मला वाटतं तो आकडा कुणाचा होता हे त्यांना आठवतही नसेल. वहीचं पान फाईलमध्ये होतं, त्यावरून कुणी भाषण लिहून दिलं असेल.

माझं काम झालं तशी मी झगा बदलला आणि थेट त्याच्या घरी गेले. जिन्यात दम लागला, पण मला थांबवत नव्हतं. तो दुपारचं जेवत होता. वहिनी वाढत होत्या, मेव्हणा नव्हता, पेंटरची बायको मिठाची वाटी घेऊन उभी. मी दारातूनच, अंकाच्या शेवटाला प्रवेश करावा तशी, म्हणाले, "पेंटर, तुम्ही खरे ठरलात! मॅडमनी सगळ्यांसमोर सांगितलं! सतरापैकी चौदा!"

त्याने आधी वहिनींकडे पाहिलं. मग ताटाकडे.

"मी कुणाला विचारलं नव्हतं, ताई."

"अहो, मी शेजारी होते! ती फरशी पुसणारी..."

"नव्हतं विचारलं. लिहून दिलंय तसं."

त्याच्या बायकोने वाटी खाली ठेवली आणि माझा दंड धरून मला जिन्यापर्यंत आणलं. जोरात धरला होता. "अक्का, हे वहिनीसमोर कशाला बोललात? नऊ वर्षं तिला वाटत होतं की याच्या हातून चूक झाली म्हणून नोकरी गेली. चूक ती पोटात घालत होती हो." आणखी काही बोलणार होती, पण आतून वहिनींचा आवाज आला. रागाचा नव्हता. नवलाचा होता, जवळजवळ आनंदाचा.

"म्हणजे खरं होतं? आणि तुम्ही खोटं आहे म्हणून लिहून दिलंत? आपल्या हाताने?" पळी पातेल्यावर आपटल्याचा आवाज झाला. "कशासाठी हो? त्या दोन खोल्यांसाठी?"

मग पातेल्यावर झाकण बसलं.

"मिळाल्या का मग?"

मी जिन्यात उभी होते. त्याची बायको माझा दंड सोडून आत निघाली होती, पण दारातच थांबली.

"नाही," तो म्हणाला. "नाही मिळाल्या, वहिनी."